पीडिया न्यूरो शिकताना : लहान मुलांचे मेंदूचे आजार वाचायचे कसे, बघायचे कसे?

जास्वंदी

नमस्कार मंडळी. फायनल इयरला आहे, कॉलेज नवी मुंबईत, येणंजाणं ठाण्याहून ट्रान्सहार्बरने. सध्या पीडियाची पोस्टिंग चालू आहे आणि माझं सगळं लक्ष न्यूरोमध्ये अडकलंय. बॅचमधली बरीच मुलं म्हणतात की परीक्षेपुरतं सीपी (सेरेब्रल पाल्सी) आणि मेनिंजायटिस (मेंदूज्वर) करून टाक, बाकीचं पीजीला बघू. पण वॉर्डात जी मुलं रोज दिसतात आणि त्यांच्या आया जे विचारतात ते ऐकल्यावर हा विषय परीक्षेपुरता करावासा वाटतच नाही. म्हणून हा धागा. इथे डॉक्टर आहेत, थेरपिस्ट आहेत, पालकही आहेत, सगळ्यांनी लिहा प्लीज.

अडचण अशी की पुस्तकात चॅप्टर असतात आजारांच्या नावाने. आई काही नाव घेऊन येत नाही. ती म्हणते 'सात महिन्यांचा झाला, अजून मान धरत नाही', 'आधी बाबा, मामा म्हणायचा, आता काहीच नाही', 'चालताना टाच टेकत नाही'. तिथून आजारापर्यंत जायचं कसं हे नुसतं चॅप्टर वाचून येत नाही.

मला आत्तापर्यंत सगळ्यात उपयोगी काय पडलंय ते सांगते. आमच्या युनिटच्या मॅडम न्यूरोच्या कुठल्याही केसला आधी एकच विचारतात, या मुलाने शिकलेलं काही गमावलंय का, की मुळात शिकलाच उशिरा? बास. याचं उत्तर मिळेपर्यंत हॅमर (रिफ्लेक्स बघायचा हातोडा) हातात घेऊ देत नाहीत. कारण गमावत चालला असेल तर आजार आतमध्ये चालू आहे, पुढे सरकतोय, आणि तिथे शोधाशोध वेगळी. उशिरा का होईना पण हळूहळू पुढे जातोय असं असेल तर बहुतेक वेळा एकदा काहीतरी इजा होऊन गेलीये आणि ती तिथेच थांबलीये. सीपी या दुसऱ्या गटातली. मेंदूतली इजा वाढत नाही, पण मूल वाढतं ना, म्हणून दिसणारं चित्र बदलत राहतं, सहा महिन्याला ढिलं वाटणारं बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत कडक झालेलं असतं, आणि आईला वाटतं आजार वाढला. हे तिला नीट समजावून सांगणं हेही आपलंच काम आहे असं मला वाटतं.

आता हे शोधायचं म्हणजे हिस्ट्री, आणि 'बाळ कितव्या महिन्यात बसलं' विचारलं तर निम्म्या आया गोंधळतात. त्यावर आमच्या रेसिडेंट ताईंची पद्धत एकदम भारी आहे, त्या सण विचारतात. गणपतीत बाळ कसं होतं, मांडीवर बसवलं तर बसायचं का, दिवाळीत धरून उभं राहायचं का, संक्रांतीला बोरन्हाण केलं तेव्हा बोरं उचलून तोंडात घालत होतं का, दोन बोटांनी उचलायचं की मूठभरून? आई लगेच सांगते, फोनमध्ये फोटोसुद्धा असतात. बोरन्हाणाच्या एका व्हिडिओत बाळाचा बसण्याचा तोल, हाताची पकड, नजर, आवाजाकडे वळणं सगळं दिसतं. जन्माच्या वेळचंही तसंच, 'बर्थ अस्फिक्सिया (जन्मताना ऑक्सिजन कमी पडणं) होता का' असं विचारून काही मिळत नाही. लगेच रडलं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, किती दिवस, निळ्या लाइटखाली ठेवलं का, अंगावर कधी घेतलं पाजायला, हे विचारलं की सगळं बाहेर येतं.

तपासणीत माझं मत असं झालंय की अर्धी तपासणी मुलाला हात न लावता होते. खेळताना बघायचं. कुरमुरे पुढे ठेवायचे, उचलायची पद्धत बघायची. एक वर्षाच्या आतलं मूल सारखा एकच हात वापरत असेल तर आजी कौतुकाने सांगते 'डावखुरा होणार हा', पण इतक्या लवकर हात ठरत नाही, दुसऱ्या हातात काही कमजोरी आहे का ते बघावंच लागतं. आणि डोक्याचा घेर! टेप खिशात ठेवायची सवय लावा. जन्माला साधारण ३५ सेंमी, वर्षाला ४६-४७. एकदाच मोजण्यापेक्षा आधीच्या कार्डावरचे आकडे मिळाले तर ते सोन्यासारखे, कारण चार्टवर रेघ कुठे वळली ते दिसतं.

अ‍ॅनाटॉमी खरी कळली तीही इथेच. सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलांचे पाय कडक आणि हात बरे असं का असतं हे मी तीन वेळा पाठ करून विसरले होते. मग सरांनी कागदावर व्हेंट्रिकल (मेंदूतली पाण्याची पोकळी) काढून दाखवलं, पायाकडे जाणारे तंतू त्याच्या सगळ्यात जवळून जातात आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळात इजा नेमकी व्हेंट्रिकलच्या कडेला होते. आता आयुष्यात विसरणार नाही.

एक अजून, जे वाचून मला बरं वाटलं. विल्यम लिटल नावाच्या इंग्लिश सर्जनने १८६२ मध्ये मांडलं की मुलांचं हे कडक होणं अवघड बाळंतपणामुळे होतं. नंतर फ्रॉइड, हो तोच मनोविश्लेषणवाला, आधी न्यूरॉलॉजिस्ट होता, त्याने १८९७ मध्ये यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि सांगितलं की सगळं खापर बाळंतपणावर फोडू नका, गडबड कधीकधी पोटातच झालेली असते, बाळंतपण अवघड जाणं हा तिचा परिणामही असू शकतो. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट, आणि आपल्याकडे अजून आईलाच विचारतात ग्रहण पाळलं नव्हतंस का, जिना का चढलीस. वॉर्डात मी हे ऐकते तेव्हा फार त्रास होतो.

तर माझे प्रश्न: तुम्ही हा विषय कसा शिकलात? कुठल्या गोष्टी पुस्तकात आहेत पण लक्षात येत नाहीत? आणि पालकांना, आम्ही स्टुडंट तुमच्या मुलांपाशी येतो तेव्हा आम्ही काय करावं, काय करू नये?

रात्रपाळी

छान धागा. मी ठाण्यात पीडियाला सेकंड इयर रेसिडेंट. थोडक्यात लिहीन म्हणतोय पण जमणार नाही.

ढिलं बाळ आलं की दोन्ही काखेत धरून उचल, हातातून निसटतंय असं वाटतं का बघ, मग पालथं हातावर घे, मग हात धरून बसतं कर, मान किती मागे पडते बघ. आणि मग चेहरा बघ. पाय बेडकासारखे पसरलेत, हालचाल जवळपास नाही, रिफ्लेक्स नाहीत, पण डोळे टकटक, तुझ्याकडे बघून हसतंय, असं असेल तर मेंदू जागा आहे आणि गडबड खाली आहे, नसेत, स्नायूत. पहिल्या सहा महिन्यांतलं असं बाळ म्हणजे एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, मज्जारज्जूतले हालचालीचे न्यूरॉन मरत जाणारा आजार) डोक्यात यायलाच हवं. जिभेवर बारीक थरथर दिसते ती बाळ शांत असताना बघायची, रडताना सगळ्यांचीच जीभ हलते. पेपरात १६ कोटींचं इंजेक्शन म्हणून जे यायचं ते याच आजारासाठी, अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालेली जीन थेरपी. त्याआधी २०१६ मध्ये पाठीतून द्यायचं नुसिनर्सेन आलं, २०२० मध्ये तोंडाने द्यायचं रिसडिप्लाम. तिन्हीमध्ये एक गोष्ट सारखी, जितकं लवकर तितका फायदा, मेलेले न्यूरॉन परत येत नाहीत. त्यामुळे 'काही मुलं उशिरा शिकतात, थांबा' हे वाक्य ढिल्या बाळाच्या आईला कुणीही सांगू नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट जी पुस्तकात एका ओळीत असते. चारपाच वर्षांचा मुलगा, सारखा पडतो, जिना चढताना कठडा धरतो, कुणीतरी रक्त तपासलं तर एसजीओटी एसजीपीटी वाढलेले, आणि मग महिनोन् महिने लिव्हरचा शोध चालू. अरे ती एन्झाइम स्नायूतही असतात! सीपीके (स्नायूतलं एन्झाइम) कर. डुशेनमध्ये (स्नायू झिजत जाणारा आजार) ते हजारांत येतं. आणि त्याला जमिनीवर बसव आणि ऊठ म्हण, गुडघ्यावर मांड्यांवर हात ठेवत स्वतःच्या अंगावर चढत उठेल, ते एकदा बघितलं की वाचायची गरज नाही. पोटऱ्या भरलेल्या दिसतात म्हणून घरच्यांना वाटतं पाय मजबूत आहेत. आणि डुशेन निघाला की त्या आईला बहिणी आहेत का, त्यांना मुलगे आहेत का हे विचारायचं, एक्स लिंक्ड आहे, म्हणजे आईकडून मुलग्यांत येऊ शकतो, तिथे आपलं काम एका मुलावर संपत नाही.

बर्थ अस्फिक्सियाबद्दल फक्त एवढंच, कूलिंग (बाळाचं अंग थंड ठेवायचा उपचार) वाचशील, ६ तासांच्या आत सुरू करून ७२ तास ३३.५ डिग्रीला ठेवायचं. ते लिहिताना हेलिक्स ट्रायलही वाच, २०२१ ला आली, भारत श्रीलंका बांगलादेशमधल्या हॉस्पिटलांत. तिथे कूलिंगने फायदा झाला नाही आणि मृत्यू वाढले. तिकडच्या मुलांवर जे चाललं ते इकडे तसंच्या तसं चालेल असं नाही, हे लाँग केसला एक्झामिनरला सांगितलंस तर खूश होईल, पण त्याहून जास्त म्हणजे तुला स्वतःला ते माहीत असायला हवं.

सेकंड_एमबीबीएस

ताई खूप मस्त लिहिलंय. मला न्यूरोअ‍ॅनाटॉमी फर्स्ट इयरनंतर पूर्ण पुसली गेलीये. आधी ती परत करू का मग क्लिनिकल?

जास्वंदी

@सेकंड_एमबीबीएस, नको, उलटं कर. एक मूल बघ, त्याचं लक्षण घे आणि त्या रस्त्यापुरती अ‍ॅनाटॉमी वाच. कॉर्टेक्सपासून स्नायूपर्यंत मोटरचा एक रस्ता पक्का झाला तरी पीडिया न्यूरोतलं निम्मं सुटतं. आणि माइलस्टोन मात्र आत्तापासून तोंडपाठ कर. दोन महिन्याला ओळखीचं हसू, चारपर्यंत मान, आठपर्यंत बसणं, दीड वर्षापर्यंत चालायलाच हवं.

@रात्रपाळी, सीपीकेबद्दल खरंच माहीत नव्हतं, लिहून घेतलं.

ऐरोलीकर

मी डॉक्टर नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सीपी आहे, अ‍ॅथेटॉइड म्हणतात तो प्रकार. जन्मानंतर कावीळ खूप वाढली होती, रक्त बदलायला लागलं तोपर्यंत उशीर झाला. कुठे काय झालं त्यात आता जात नाही. तू पालकांना विचारलंयस म्हणून लिहिते.

माझ्या मुलाला सगळं कळतं. सगळं म्हणजे सगळं. त्याचे हातपाय त्याच्या मनासारखे हलत नाहीत, मान वळते, तोंडातून शब्द नीट येत नाही, लाळ गळते, आणि हे बघून लोक ठरवून टाकतात की याला समजत नाही. हॉस्पिटलमध्ये स्टुडंट यायचे ते त्याच्या उशाशी उभं राहून इंग्लिशमध्ये त्याच्याबद्दल बोलायचे, आयक्यूबद्दल, तो ऐकत असायचा. इंग्लिशही कळतं त्याला, कार्टून बघून शिकलाय. एकदा एक मुलगी आली, तुझ्यासारखीच फायनल इयरची असेल, ती आधी त्याच्याशी बोलली, नाव सांगितलं स्वतःचं, आणि मग विचारलं 'हो म्हणायला तू काय करतोस?' तो डोळे वर करायचा प्रयत्न करतो पण त्याला वर बघायला अवघड जातं, म्हणून आम्ही ठरवलंय की हो म्हणजे जीभ बाहेर, नाही म्हणजे डोळे मिटायचे. ती पंधरा-वीस मिनिटं त्याच्याशी तसंच बोलली. दुखतंय का, भीती वाटते का, हॅमर आधी तुझ्या आईला मारून दाखवू का. माझ्या गुडघ्यावर मारून दाखवला तिने! तो इतका हसला की सगळं अंग ताठ झालं त्याचं, आणि मग ती थांबली, तो सैल होईपर्यंत थांबली. तिचं नाव मला अजून लक्षात आहे.

तर एवढं कराच, आधी मुलाशी बोला, त्याची हो-नाहीची पद्धत आईला विचारून घ्या. तीच हिस्ट्री दहा जणांनी दहा वेळा विचारली तर आम्ही सांगतो, तुम्ही शिकताय हे आम्हाला कळतं, पण आमचा फाइलमधला जुना कागद आधी वाचून या. आणि 'पुढे चालेल का' असं आम्ही विचारलं तर माहीत नाही म्हणून उठून जाऊ नका, सरांना विचारून सांगते म्हणा आणि खरंच येऊन सांगा.

अजून एक, आजार सांगतात पण पुढचं कुणी सांगत नाही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), निरामय योजना (सीपी, ऑटिझम, मतिमंदत्व, बहुविकलांग मुलांसाठी १ लाखापर्यंतचा आरोग्यविमा, नॅशनल ट्रस्टचा), वाशीला महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, ठाण्यात महापालिकेची विशेष मुलांची जिद्द शाळा आहे, हे मला सगळं दुसऱ्या आयांकडून कळलं, बाकावर बसल्या बसल्या. हे तुमच्या अभ्यासक्रमात असायला पाहिजे.

जास्वंदी

ऐरोलीकर ताई, तुमचा प्रतिसाद मी ट्रेनमध्ये वाचला आणि तुर्भे कधी गेलं कळलं नाही. हो-नाहीची पद्धत विचारायचं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. उद्यापासून माझ्या हिस्ट्रीच्या कागदावर सगळ्यात वर हीच ओळ असेल. आणि योजनांची माहिती आमच्या ओपीडीत मराठी-हिंदीत एका पानावर लावता येईल का हे मॅडमना विचारते.

तुम्ही लिहिलंय ना वर बघायला अवघड जातं, ते त्या काविळीमुळेच. बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य) मेंदूच्या आत बेसल गँग्लियात जाऊन बसतं, हालचालीचा ताबा जातो, नजर वर न्यायची जागा दुखावते, ऐकू येण्यावरही परिणाम होतो. विचार करायचा भाग बऱ्याचदा वाचतो. ऐकण्याची तपासणी झालीच असेल, तरी विचारते, झालीये ना?

ऐरोलीकर

हो गं, झालीये. एका कानात मशीन आहे.

नौपाडा_काका

मी बालरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. तुम्हा मुलांना जे कधीच बघायला मिळू नये असं वाटतं त्याबद्दल लिहितो.

आमच्या शिकण्याच्या काळात वॉर्डात पोलिओची मुलं असायची. ताप येऊन दोन दिवसांत पाय लुळा. देशात १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झाला, शेवटचा वाइल्ड पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण तुम्हाला आजही अचानक लुळेपणाचं १५ वर्षांखालचं मूल दिसलं तर जीबीएस (नसांचा गिया-बारे आजार) वाटो की आणखी काही, कळवायचंच, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने, लकवा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत. हे नियमाला धरून करणारे इंटर्न आणि आरोग्यसेविका यांनीच पोलिओ लांब ठेवलाय. त्यात कंटाळा नको.

दुसरं म्हणजे गोवर. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला आणि आपल्या जिल्ह्यात भिवंडीला गोवराची साथ आली होती ते आठवत असेल. त्या मुलांपैकी काहींच्या मेंदूत तो विषाणू दडून राहू शकतो आणि साताठ वर्षांनी उठतो. एसएसपीई. अभ्यासात बरा असलेला मुलगा मार्क घालवायला लागतो, अक्षर बिघडतं, चिडचिड, शाळा म्हणते लक्ष नाही, आईबाप ओरडतात. मग मधेच मान खाली झुकल्यासारखे झटके, हातातली ताटवाटी पडते. ईईजीत (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) ठरावीक अंतराने येणाऱ्या मोठ्या लाटा दिसतात. तोपर्यंत आपल्या हातात फारसं काही नसतं. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना धोका जास्त. नऊ महिन्याला आणि सोळा ते चोवीस महिन्यांत एमआरची (गोवर-रुबेला) लस, एवढ्याने हे थांबतं. तुम्ही कुठल्याही स्पेशालिटीला जा, समोर आलेल्या प्रत्येक मुलाचं लसीचं कार्ड मागा.

आणि एक आनंदाचा आजारही सांगतो. वर्षभराचं बाळ, पूर्ण आईच्या दुधावर, आई शुद्ध शाकाहारी, दूधदुभतंही फारसं नाही. बाळ गुबगुबीत पण निस्तेज, हसणं सोडलंय, केस विरळ भुरे, बोटांच्या सांध्यांवर काळपट, आणि हात-डोकं थरथरतंय, झोपेत मात्र थांबतंय. शिकलेलं विसरतंय म्हणून घरचे हादरलेले. हा इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम, बी-१२ द्या. सुरुवातीला थरथर थोडी वाढू शकते, घाबरू नका, पण काही दिवसांत बाळ आईकडे बघून हसायला लागतं. तुझ्या मॅडमचा प्रश्न बरोबरच आहे, पण गमावणारं प्रत्येक मूल असाध्य नसतं, आधी सुधारता येणारी कारणं शोधायची. बी-१२, थायरॉइड, न दिसणारे झटके, डोक्यात साठलेलं पाणी, टीबीचा मेनिंजायटिस. मुंब्रा-कळवा भागात काम केलंत तर शेवटचा दिसेलच, आठवडाभर रेंगाळणारा ताप, उलट्या, मूल गप्प गप्प, घरात कुणीतरी खोकणारं. वेळ घालवला तर फार मोठी किंमत मोजावी लागते.

सांधेजोड

फिजिओ आहे, घोडबंदरला लहान मुलांबरोबरच काम करते. धागा वाचून छान वाटलं, कारण एमबीबीएसची मुलं आमच्या विभागात डोकावतही नाहीत. जास्वंदी, एक दिवस ये बसायला.

फक्त एक मुद्दा. सीपी लिहिलं की जीएमएफसीएसची (मुलाला हालचाल किती जमते त्याची मोजपट्टी) लेव्हल लिहाच, १ ते ५. १ म्हणजे चालतो पळतो, ५ म्हणजे मान-धड सावरायलाही आधार लागतो. ही फक्त लेबल नाहीये, यावरून खुब्याचा धोका कळतो. लेव्हल जितकी वरची तितका खुबा हळूहळू बाहेर सरकण्याचा धोका जास्त, आणि दुखेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. डायपर बदलताना मांड्या उघडत नाहीत अशी आई तक्रार करते तेव्हा कितीतरी वेळा उशीर झालेला असतो. नियमित एक्स-रे हवा. आणि पालकांनो, कडक पाय जोरात ओढून 'मोकळा' करून देणाऱ्यांकडे नेऊ नका, कळकळीने सांगते.

खारेगाव_नाका

वाचतोय, खूप माहिती मिळतेय. माझी मुलगी दोन वर्षांची, मागच्या महिन्यात तापात आकडी आली, आम्ही पार घाबरलो, शेजारच्यांनी कांदा हुंगवला, कुणी चमचा घाला म्हणाले दातात. दोनेक मिनिटांत थांबली. डॉक्टरांनी ईईजी नको सांगितलं. करून घ्यावा का? पुढे मिरगी होईल का?

रात्रपाळी

@खारेगाव_नाका, मुलीला न बघता नेमकं सांगता येणार नाही पण सर्वसाधारण सांगतो. सहा महिने ते पाच वर्षांतलं मूल, ताप आहे, पूर्ण अंगाला झटका, १५ मिनिटांच्या आत थांबला, २४ तासांत परत नाही आला, मूल नंतर पूर्ववत, मेंदूज्वराची लक्षणं नाहीत, याला साधी तापातली आकडी म्हणतात आणि त्यात ईईजी लागत नाही, तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. साधारण तीनातल्या एका मुलाला पुढच्या तापात परत येऊ शकते. मिरगी मात्र बहुतेकांना होत नाही.

परत आली तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, ना चमचा ना पाणी ना बोट, कांदा-चप्पल काही नको, आणि घड्याळ बघा. ५ मिनिटांवर गेली तर आपोआप थांबायची वाट बघायची नाही. नाकात मारायचा, आकडी थांबवणारा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवायचा का हे डॉक्टरांना विचारा, डोस वजनावर असतो, आणि लगेच जवळचं हॉस्पिटल. आणि कधी त्यांनी पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं तर घाबरून नाही म्हणू नका, त्याने लकवा होतो हा गैरसमज आहे. सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो.

पारसिक_डोंगर

विषय थोडा वेगळा पण विचारते. बहिणीचं बाळ साडेपाच महिन्यांचं, कळव्याला असते. आठवड्यापासून झोपेतून उठलं की हात पसरून पुढे वाकतं, क्षणभर, मग परत, असं ओळीने दहा-पंधरा वेळा, आणि नंतर रडतं. घरात म्हणतात पोटात गॅस आहे, ग्राइप वॉटर चालू आहे. आधी खुदखुद हसायचं ते जरा कमी झालंय असं मला वाटतंय, बहीण म्हणते माझा भ्रम आहे. जास्वंदीने शिकलेलं गमावलंय का असं लिहिलंय ते वाचून काळजात चर्र झालं.

जास्वंदी

ताई, मी अजून डॉक्टर नाही, पण हे थांबून बघण्यासारखं नाहीये एवढं नक्की सांगते. पोटात दुखलं तर बाळ ओळीने, तेच ते, तसंच, उठल्या उठल्या करत नाही. इन्फंटाइल स्पाझम्स म्हणून तान्ह्या बाळांतला आकडीचा प्रकार असतो, तसलं काही आहे का हे बघायला हवं. १८४१ मध्ये विल्यम जेम्स वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने लॅन्सेटला पत्र लिहिलं होतं, स्वतःच्या तान्ह्या मुलाबद्दल, अगदी असंच पुढे वाकणं, ओळीने, आणि कुणाला काही सुचवता येतंय का म्हणून विचारलं होतं. आज त्याला औषधं आहेत. पुढचा अ‍ॅटॅक मोबाइलवर शूट करा, चेहरा आणि पूर्ण अंग येईल असं, उजेडात, बाळाला न धरता. @रात्रपाळी प्लीज बघा इकडे.

रात्रपाळी

ती बरोबर सांगतेय. उद्याच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, जमलं तर थेट पीडिया न्यूरॉलॉजिस्टना. ग्राइप वॉटर बंद. तुमचं निरीक्षण भ्रम वाटत नाहीये मला, मावशीला दिसतं ते बऱ्याचदा रोज बघणाऱ्या आईला दिसत नाही.

पारसिक_डोंगर

आज व्हिडिओ मिळाला, दुपारी उठल्यावर. डॉक्टरांना दाखवला, त्यांनी दोनदा बघितला आणि लगेच फोन करून परवा सकाळी ईईजी ठरवून दिला. बहीण रडतेय. ईईजीला काय तयारी लागते? दुखतं का बाळाला?

रात्रपाळी

अजिबात दुखत नाही, डोक्याला पेस्टने तारा चिकटवतात फक्त. आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल लावू नका, आजींना आधीच सांगून ठेवा, टाळू भरायची सवय असते, तेल असलं की तारा चिकटत नाहीत. सकाळी येताना बाळाला रस्त्यात झोपू देऊ नका, तिथे पाजून झोपवा. झोपेतलं आणि उठतानाचं, दोन्ही रेकॉर्डिंग मिळायला हवं, टेक्निशियनने झोपेतच काढून टाकलं तर बाळ उठेपर्यंत थांबा म्हणा. व्हिडिओ, लसीचं कार्ड, जन्माचा डिस्चार्ज कागद सोबत घ्या. आणि आज अंघोळीच्या वेळी अंगावर कुठे पांढरट पानासारखे डाग आहेत का बघा, असले तर न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून दाखवा, ट्युबरस स्क्लेरोसिस (एक जनुकीय आजार) आहे की नाही यावर औषध कुठलं द्यायचं ते ठरतं, तिथे व्हिगाबॅट्रिन हे औषध आधी देतात. एसीटीएच (हॉर्मोनचं इंजेक्शन) किंवा स्टेरॉइड सुरू केलं तर बीपी आणि शुगर मधूनमधून तपासावी लागेल, ताप आला तर लगेच दाखवायचं, लसी कधी द्यायच्या ते त्यांना विचारूनच.

पारसिक_डोंगर

पाठीवर एक डाग आहे, कमरेच्या वर, फिकट. आम्ही जन्मखूण समजत होतो. फोटो काढून ठेवलाय.

जास्वंदी

फोटो नका नुसता दाखवू, बाळाचा अंगरखा काढून प्रत्यक्ष दाखवा. ते निळसर उजेडाच्या दिव्याखाली बघतील, त्यात असे डाग स्पष्ट दिसतात. आणि घरात आईबाबांपैकी कुणाला असे डाग, चेहऱ्यावर बारीक लालसर पुळ्या, किंवा लहानपणी फिट्स होत्या का, तेही आज रात्री विचारून लिहून ठेवा.